मंगळवारचा रविवार

नाशिक रोडला राहायला येऊन आम्हाला आता दोन वर्षं झाली. इथल्या चर्चच्या मंडळीतल्या बायका चांगल्या आहेत, पण चौकस फार. स्त्री-मंडळाची सभा संपून चहा आला की एखादी तरी विचारतेच, पाळकीणबाई, त्या सावरखेड्यात सतरा वर्षं कशी हो काढलीत, बदली का नाही मागितली? मी म्हणते, मागितली होती. खोट्या सहीने मागितली होती. मग सगळ्यांचे कप हातातच राहतात आणि मला पहिल्यापासून सांगायला बसावं लागतं.

मुळात मी खेड्यातली नव्हे. माझे वडील नाशिकच्या शरणपूरला शाळामास्तर होते. वळणदार अक्षर, शुद्ध बोलणं आणि स्वच्छ पदर ह्या तीन गोष्टींवर आमचं घर चाले. नवरा मिळाला तो चर्चचा पाळक, नाव शांतवन पगारे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत आमच्या लोकांनी धर्म बदलताना मागे टाकली नाही, गाठोड्यात बांधून बरोबरच आणली. पण ह्या वयात आता मी ती पाळत नाही. सदुसष्ट साली शांतवनना येवल्याजवळच्या सावरखेड्याची मंडळी मिळाली. आमच्या लोकांची चाळीस घरं, एक दगडी चर्च, वर पत्रे, आणि शेजारी पाळकासाठी दोन खोल्या. गावात शाळा होती, पण मास्तर आले तर भरायची. म्हणून आमची करुणा सात वर्षांची झाली तशी तिला शरणपूरला माझ्या आईकडे ठेवली. मुलगी नाशिकला आणि आई सावरखेड्याला, हे माझं दुखणं तेव्हापासूनचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दिवाळीच्या आधीच विहिरीचा तळ दिसायला लागला. सरकारने येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम काढलं आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. आमची ख्रिस्ती माणसं, बौद्ध वस्तीतली, मराठ्यांची, हातमाग बंद पडलेले दोन-तीन मुसलमान विणकर, सगळे एका रांगेत उन्हात बसले. उजाडायला जायचं आणि दिवस बुडता परतायचं. सुट्टी एकच, मंगळवारची, कारण त्या दिवशी बाजार. रविवारला तिथे कोणी विचारत नव्हतं.

शांतवन मात्र दर रविवारी घंटा वाजवत. येणार कोण? दोन म्हातारे, एक आंधळी आजी आणि मी. आम्हा चौघांसमोर हा माणूस पाऊण तास उपदेश करी, आवाज जराही कमी न करता. पाचव्या रविवारी आजीही आली नाही. तिच्या सुनेने तिला तान्हं पोर सांभाळायला कामावर नेलं होतं. त्या दिवशी शांतवन म्हणाले की माणसं येत नाहीत तर आपण जाऊ. मला वाटलं, आठवड्यातून एकदा जाऊन विचारपूस करून येतील.

गेले ते छत्री आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन, आणि तिथे भलताच घोटाळा झाला. आमच्या लोकांची रीत अशी की पाळक समोर आले की हातातलं काम टाकून उठायचं, बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा, आणि ते जाईपर्यंत उभंच राहायचं. शांतवन ज्या टोळीपाशी जात ती टोळी उभी. बसा म्हटलं तरी कोणी बसेना, कारण पाळक उभे असताना आपण बसायचं कसं. खडीचं माप टोळीवर होतं, एकेकट्याचं नव्हतं. संध्याकाळी मुकादम खंडेरावाने टेप लावला तेव्हा आमच्या लोकांचे सगळे ढीग कमी भरले. तो आमच्या धर्माचा नव्हे, पण माणूस सरळ. त्याने शांतवनना बाजूला घेऊन नीटच सांगितलं. "साहेब, तुमी आलात म्हंजी तुमचा देव खूश व्हत आसंल. पर ह्यांचं माप बुडतंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना शांतवन लेंगा वर खोचून आणि खांद्यावर पंचा टाकून निघाले. छत्री नाही, शास्त्र नाही. कुसाबाईच्या टोळीत जाऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, मला एक हातोडी द्या. टोळी उभीच होती. ते म्हणाले, मी बसलोय, आता तुम्ही उभे कसे राहता? मग सगळे बसले. खंडेरावाने हजेरीपत्रकावर नाव लिहिलं, शांतवन पगारे, मजूर.

ही कुसाबाई म्हणजे साठीची विधवा, तोंडाने फटकळ. गावात तिच्या वाटेला कोणी जात नसे. पण चर्चमध्ये शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसे आणि सहा वर्षांत तिने एकदाही मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. आम्हाला कुठं येतं, एवढंच म्हणे.

पंधरा दिवसांनी शांतवननी उपासना मंगळवारी ठेवली. ह्यावर मंडळीचा पंच मल्हारी भडकला. मल्हारी म्हणजे चर्चचे दगड ज्याच्या बापाने वाहिले तो, शब्दाचा पक्का आणि रागाचाही. भर चर्चमध्ये उभा राहून म्हणाला, "रविवार देवानं नेमून दिलाय आन् मंगळवार बाजाराला. आदलाबदल करनारे आपन कोन?" शांतवन म्हणाले की ज्या दिवशी माणसांचे हात मोकळे असतात तो त्यांचा रविवार. मल्हारी तोंडावर नाही म्हणून निघून गेला, आणि मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसला. लोक बाजाराच्या पिशव्या घेऊनच आले होते. दोन महिन्यांनी चर्च भरलं.

सगळी मंडळी सुखावली आणि मी एकटी धुमसत राहिले. प्रभूसाठी सोसण्यात आनंद असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. उपदेशात ते शोभून दिसतं. पण तोच आनंद रोज संध्याकाळी धुळीने माखून, तळहातावर फोड घेऊन, भजन गुणगुणत घरात शिरायला लागला की डोकं फिरतं. हा माणूस कुरकुरला असता तर मी त्याची सेवा केली असती, हळद लावली असती, दोन आसवं गाळली असती. पण तो खुशीत! आज काय, तर रहेमान विणकराने पाठ न दुखता बसायचं कसं ते शिकवलं. उद्या काय, तर खंडेराव विचारत होता की तुमचे लोक दगड फोडताना गातात कशाला. मी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीतले खडे निवडत ऐकून घेई. येवल्याच्या बाजारात वडिलांच्या ओळखीचे एक मास्तर भेटले. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, पाळक खडी फोडतात म्हणे? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आधीच दुष्काळ आणि त्यात हा तेरावा महिना.

फेब्रुवारीत एका सकाळी खाणीतला मोठा दगड घरंगळला आणि शांतवनच्या डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली. येवल्याला नेऊन पट्टी करून दुपारी त्यांना बैलगाडीतून घरी आणलं. चेहरा पांढराफटक, सदऱ्यावर रक्त, आणि तोंडावर हसू. मला पाहताच म्हणाले, "अगं, कुसाबाईने प्रार्थना केली. मोठ्याने. कामावरच्या सगळ्यांसमोर, माझा हात धरून." मी बोटांचं विचारलं. ते म्हणाले, बोटं काय, होतील बरी, ह्या प्रार्थनेसाठी मी सहा वर्षं थांबलो होतो. आणि उशीला डोकं टेकताच झोपले, लहान मुलासारखे.

मी तिथेच पाटावर बसले आणि पत्र लिहिलं. नाशिकच्या चर्च-कमिटीचे अध्यक्ष रेव्हरंड भालेराव साहेब, त्यांना. सावरखेड्याचे पाळक रविवार मोडून मंगळवारी उपासना घेतात. पाळकपदाची अब्रू त्यांनी रस्त्यावर नेऊन बसवली आहे. त्यांची प्रकृती ढासळत आहे, तरी त्यांना सत्वर नाशिकला बदलून घ्यावे. बायकोनेच नवऱ्याची चहाडी केली असं व्हायला नको म्हणून खाली सही केली, एक हितचिंतक. चारला टपालवाला आला. राग निवायच्या आत पत्र गेलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाई पेलाभर शेळीचं दूध घेऊन दारात उभी. साहेबांना प्यायला द्या म्हणाली. टोळीत एक हात कमी पडंल पण आमी वढून नेऊ, असंही म्हणाली. मी अजून तापलेलीच होते. म्हटलं, मी येते. पाळकामुळे टोळीचं माप बुडालं असं कोणी म्हणायला नको. रागाने गेले, हे मी बायकांना स्पष्ट सांगते. सेवा वगैरे काही मनात नव्हतं.

चिंध्यांची चुंबळ करायची, तिच्यात दगड धरायचा म्हणजे कपच्या उडत नाहीत, मग हातोडी मारायची. कुसाबाईने मला एवढं शिकवलं आणि ती आपल्या कामाला लागली. दगडाला नेमकं कुठे मारायचं हे समजायला मला आठ दिवस लागले. तोवर दगड कमी आणि मीच जास्त फुटले. दुपारपर्यंत फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, तिसऱ्या दिवशी हातोडी हाताला चिकटायला लागली. घरी आल्यावर शांतवन एका हाताने माझ्या तळहाताला तेल लावत, आणि मी त्यांच्याकडे बघत नसे.

चौथ्या दिवशी माझ्या शेजारी सिंधुबाई बसली होती. वीस-बावीस वर्षांची, मंडळीतलीच, कधी बोललेली मला आठवत नव्हती. मान वर न करता, हातोडी चालू ठेवून ती म्हणाली की गेल्या साली तिचं पोरगं गेलं, पाच महिन्यांचं होतं. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी भेटायला आले होते की. "आलता ना," ती म्हणाली. "खुर्चीवर बसला व्हता. मला लय बोलायचं व्हतं, बाई. पर खुर्चीवरल्या मानसाला कसं सांगायचं?" मग तिने सांगितलं. पोराचं नाव विकास होतं. दूध ओढायला त्याला जोर राहिला नव्हता आणि शेवटच्या दिवशी तिचं बोट त्याने सोडलंच नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, आता प्रार्थना करा, पण हात थांबवू नका, माप हाय.

शरणपूरपासून मी प्रार्थना करत आले होते. माझी प्रार्थना ऐकायला बायकांना आवडे, इतकं सुरेख मराठी. त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी, दगडावर घाव घालत, मला धड चार शब्द जुळवता आले नाहीत. बापा, विकास, एवढंच दोन-तीनदा म्हणाले आणि रडले. सिंधुबाई रडली. कुसाबाई नाक शिंकरून म्हणाली, चला हाना. आणि त्यानंतर मला आनंद झाला. दुसरा कुठला शब्द मला सापडत नाही, आनंदच झाला. पाठ मोडत होती, ओठ फुटले होते, तोंडात धूळ होती, दुःख त्या पोरीचं होतं आणि थोडं माझंही, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो आनंद येऊन बसला होता. मी किती दूर बसले होते ते मला तेव्हा कळलं. संध्याकाळी घरात शिरताना मी भजन गुणगुणत होते. शांतवन दारात पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, हसू नका. ते हसलेच.

रागाने गेलेली मी कामावरच राहिले. शांतवनना जरा बरं वाटल्यावर तेही आले, एका हाताने पाण्याची कळशी घेऊन टोळ्याटोळ्यांतून फिरायला लागले. पाणी देणाऱ्यासाठी कोणी उठून उभं राहत नाही, ह्याचा त्यांना कोण आनंद!

पण चोराच्या मनात चांदणं. येवल्याची एसटी लांबून दिसली तरी माझी हातोडी भलतीकडेच पडे. दुसरं पत्र लिहून पहिलं खोटं म्हणून कळवावं, असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा कागद फाडला. शांतवनना सांगावं म्हणून तीनदा तोंड उघडलं. ते इतक्या खुशीत असत की ती खुशी माझ्या हातून मोडवेना. आठवड्यामागून आठवडे गेले, तशी मी मनाला समजावलं की पत्र कुठेतरी गहाळ झालं असेल.

मार्चमधल्या एका रविवारी भर दुपारी रस्त्यावर जीप येऊन थांबली. आधी ते लोक गावात गेले होते. रविवारी चर्चला कुलूप पाहून, विचारत विचारत इथवर आले होते. पांढऱ्या कपड्यातले भालेराव साहेब उतरले, सत्तरीला आलेले, आणि मागून कमिटीचे दोघे. खंडेरावाला वाटलं कलेक्टर कचेरीतलं कोणी आलं, त्याने घाईने टोपी सारखी केली. आमची माणसं रीतीप्रमाणे हातोड्या टाकून उभी राहिली. शांतवन कळशी घेऊन उभे होते, डाव्या हाताची दोन बोटं अजून पट्टीत.

साहेबांनी खिशातून पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. वाचत छान होते. पाळकपदाची अब्रू रस्त्यावर नेऊन बसवली आहे, हे वाक्य त्या उन्हात ऐकताना माझंच सुरेख मराठी मला चावत होतं. वाचून झाल्यावर म्हणाले, हा हितचिंतक कोण ते आम्ही विचारत नाही, पण रविवारी चर्चला कुलूप तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं. कमिटीने ठरवलंय, एक एप्रिलपासून शांतवन पगाऱ्यांची बदली नाशिकला. हा कागद.

तो कागद मला दिसत होता. नाशिक. करुणा शाळेतून येईल तेव्हा दारात मी असेन.

तेवढ्यात कुसाबाई वळली. "मल्हारी, तू लिव्हलंस?" सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मंगळवारवरून भांडला होता तो एकटाच. त्याला स्वतःला सहीपुरतं येत होतं, पण पोरगा येवल्याला हायस्कुलात शिकत होता, त्यामुळे संशय पक्का बसला. मल्हारीचा चेहरा काळवंडला. तो एवढंच म्हणाला, "मी भांडलो ते तोंडावर भांडलो. माघारी नाय." कोणाला खरं वाटलं नाही. ज्याच्या बापाने चर्चचे दगड वाहिले त्याच्यापासून शेजारचा माणूस दोन पावलं बाजूला सरकला.

मी गप्प बसले असते तर सुंठीवाचून खोकला जात होता. मी शांतवनकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. दहा वर्षं माझी भाषा ऐकणाऱ्या माणसाला ते पत्र कोणाचं हे पहिल्या दोन ओळींत कळलं असणार. आणि त्यांनी मान फिरवली, मुद्दाम, मला गप्प राहायला वाव मिळावा म्हणून. दहा वर्षांच्या संसारात मला त्यांच्या प्रेमाचा एवढा राग कधी आला नव्हता.

मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, हितचिंतक मी आहे. मल्हारींचा ह्यात काही संबंध नाही. त्यातलं मंगळवारचं तेवढं खरं, बाकी मी रागाने लिहिलं. बदली मी मागितली होती. आता मला ती नको."

भालेराव साहेबांनी मला लहानपणापासून पाहिलेलं, वडिलांचे स्नेही ते. हळूच म्हणाले, मुली, तुझी लेक नाशिकला आहे. मी म्हटलं, माहीत आहे. तिच्यासाठी जीव तुटतो माझा. "पण साहेब, सहा वर्षं मी ह्या बायकांना शिकवलं आणि एकीनेही मला काही सांगितलं नाही. सहा आठवडे दगड फोडले तर सिंधुबाईने मला तिच्या गेलेल्या लेकराचं नाव सांगितलं. इथं मी सुखी आहे. कशी ते मला विचारू नका, पण आहे."

खंडेराव खाकरून म्हणाला, साहेब, माप. माणसं बसली. साहेबांनी शांतवनना विचारलं, आज रविवार, निदान छोटी उपासना तरी घ्याल? शांतवन कळशी खांद्यावर घेत म्हणाले, "आमचा रविवार परवा आहे साहेब. थांबता आलं तर थांबा."

कमिटीचे दोघे जीपने परत गेले आणि भालेराव साहेब खरंच थांबले. दोन दिवस आमच्या खोलीत झोपले, मिलोची भाकरी पाण्यात भिजवून खाल्ली. सोमवारी कामावर येऊन त्यांनी हातोडी मागितली. कुसाबाईने दिली नाही. म्हणाली, तुमी राहू द्या साहेब, माप बुडंल.

मी मात्र बेचैन होते. रविवारी संध्याकाळी मल्हारीच्या घरी माफी मागायला गेले. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, ते पडलेत, उठायचे नाहीत. सोमवारी कामावर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने वर पाहिलंच नाही, नुसता घण उचलत राहिला. आळ दहाच मिनिटांचा होता, पण सगळ्या गावासमोर होता. आणि तो काय म्हणेल ह्यावर आता किती अवलंबून आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मंगळवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रहेमान आणि खंडेराव दाराबाहेर येऊन उभे होते. साहेब वर वेदीकडे गेले नाहीत, सतरंजीवर लोकांत बसले. शांतवननी थोडक्यात आवरलं. मग साहेब उठले आणि बदलीचा कागद काढून म्हणाले, हे कमिटीने ठरवलंय, मला एकट्याला फाडता येणार नाही. पण मंडळी काय म्हणते ते मी जाऊन सांगेन, आणि माझं ऐकतात. बाईंनी मागितलं होतं, बाईच नको म्हणतात. मला त्यांचं मत नको, मंडळीचं हवंय. ह्यांना ठेवायचं की न्यायचं, मंडळीच्या वतीने कोण बोलेल?

मंडळीच्या वतीने बोलायचं ते पंचाने, हे ठरलेलं. म्हणजे मल्हारीने. मी मान खाली घातली. माझा न्याय अगदी योग्य माणसाच्या हातात गेला होता.

मल्हारी उठला. मग म्हणाला, "मला बोलता येत नाय. मी प्रार्थना करतो." सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला मिटवलेच नाहीत.

"बापा," तो म्हणाला, "ह्या बाईनं आमच्या माघारी लिव्हलं. आळ माज्यावर आला. मला लय लागलं, तुला ठाव हाय. दोन दिस आन्न गोड लागलं नाय. पर आळ पुसाया बी तीच उठली. कुनी इचारलं नव्हतं, तरी उठली. लेकराची आस सोडून उठली. तू आमाला आधी शिकलेली पाळकीण दिली व्हती, ती आमाला लांबची वाटायची. आता फुटल्या हाताची दिलीस. ही आमची हाय. हिला आमच्यापासनं नेऊ नको, बापा. आन् हिच्या लेकराला हिची आठवन कमी येऊ दे."

ह्यावर माझा बांध फुटला. करुणा डोळ्यांसमोर उभी होती, शाळेच्या दप्तरासकट, आणि ती आता लांबच राहणार होती. काळीज चिरत होतं. आणि त्याच काळजात इतका आनंद दाटला होता की मला वाटलं मी आता मोठ्याने हसणार. कुसाबाईने माझा हात घट्ट धरला होता. पलीकडे शांतवन रडत होते आणि भालेराव साहेब तो कागद घडी करून परत खिशात ठेवत होते. मल्हारीने डोळे उघडून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि आमेन म्हणाला. सगळी मंडळी आमेन म्हणाली, बाहेर बाजाराच्या वाटेवरच्या बायका थबकून बघायला लागल्या इतक्या जोरात म्हणाली, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.